पांढरं ताट

खुब्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी दुपारी आईसमोर पहिलं खरं जेवण आलं. स्टीलच्या खणांचं ताट होतं. एका खणात मऊभात, दुसऱ्यात दुधीची भाजी, तिसऱ्यात वरणाचं नुसतं पाणी, कडा कापलेल्या पावाचे दोन तुकडे आणि वाटीत साबुदाण्याची खीर. आईने आधी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"यांच्याकडे पिठलंसुद्धा पांढरंच करत असतील," ती म्हणाली.

ताटाखाली 'सॉफ्ट डाएट' अशी चिठ्ठी होती. मी सिस्टरना विचारलं, घरून थोडी मटकीची उसळ आणली तर चालेल का? त्या हसून म्हणाल्या, "काका, इतक्यात नको. पोटाला जड पडेल." त्यांचं चूक नव्हतंच. भूल देऊन उठलेलं पोट रुसलेल्या पोरासारखं असतं, त्याला चुचकारावं लागतं. पण संध्याकाळच्या गोळ्यांच्या पुडीत एक नारिंगी, चघळायची आंबटगोड गोळी निघाली. कशासाठी म्हणून विचारलं, तर क जीवनसत्त्व, टाके लवकर भरून यावेत म्हणून. आई ती सगळ्यात शेवटी खायची, लिमलेटची गोळी चघळावी तशी.

त्या रात्री खाटेशेजारच्या बाकावर झोप येईना. इतिहासातली अडगळ उपसत बसायची मला जुनी खोड आहे. फोनवर वाचत वाचत मी त्या नारिंगी गोळीच्या मागे लागलो, आणि पहाटेपर्यंत बटाविया, कूट आणि लंडन अशा तीन ठिकाणी हिंडून आलो. तिन्हीकडे प्रश्न एकच होता. आजारी शिपायाला काय खायला घालायचं?

सुरुवात कोंबड्यांपासून करतो, कारण गोष्ट तिथली फर्मास आहे.

बटाविया म्हणजे आजचं जकार्ता, तेव्हा डचांच्या ताब्यातलं. तिथल्या फौजेत बेरीबेरीने शिपाई लोळत होते. पायातली ताकद जायची, अंगावर सूज यायची, आणि एक दिवस हृदयच थांबायचं. तो जंतूंच्या शोधांचा काळ होता, म्हणून डच सरकारने जंतू हुडकायला डॉक्टर धाडले. त्यांच्यातला ख्रिस्तियान आइकमन तिथेच राहिला, लष्करी इस्पितळाला जोडलेल्या छोट्याशा प्रयोगशाळेत. प्रयोगासाठी पाळलेल्या त्याच्या कोंबड्या 1890 च्या सुमारास अचानक लंगडायला लागल्या, मान टाकायला लागल्या. जंतू टोचलेल्याही आणि न टोचलेल्याही. आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या.

उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. त्यांची देखभाल करणारा माणूस मधले काही महिने इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला उरलेला शिजका भात त्यांना घालत होता. सडून, म्हणजे कोंडा काढून, पांढराशुभ्र केलेला साहेबी भात. मग आचारी बदलला. नव्या आचाऱ्याचं म्हणणं पडलं, मिलिटरीचा भात सिव्हिलियन कोंबड्यांना मिळणार नाही. कोंबड्या परत साध्या, कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या आणि उठून चालायला लागल्या.

मला त्या आचाऱ्याचं फार कौतुक वाटतं. विज्ञानाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याला फक्त हुद्दा कळत होता. चांगला भात चांगल्या लोकांना, हलका भात कोंबड्यांना. आणि नेमका त्या 'हलक्या' भातात औषध होतं. पुढे फोर्डरमन नावाच्या अधिकाऱ्याने जावातल्या शंभरेक तुरुंगांतल्या अडीच लाखांहून अधिक कैद्यांची माहिती गोळा केली. पांढरा तांदूळ खाणाऱ्या तुरुंगांत बेरीबेरी, कोंड्याचा खाणाऱ्यांत जवळजवळ नाही. आइकमनला वाटत होतं की पांढऱ्या तांदळात काही विष असावं आणि कोंडा त्यावर उतारा असावा. 1901 साली त्याच्यामागून आलेल्या ग्रिन्सने ते उलटं करून मांडलं: तांदळात विष नाही, सडताना काहीतरी निघून जातं. आज आपण त्याला ब-1 जीवनसत्त्व म्हणतो. 1929 चं नोबेल आइकमनला मिळालं. आचाऱ्याचं नावही कुठे सापडत नाही.

आता कूट. कूट म्हटलं की आपल्याला आधी दाण्याचं कूट आठवतं, आणि बसरा म्हटलं की नथीतले मोती. आईच्या आजीच्या नथीत बसऱ्याचे मोती होते म्हणे, अख्ख्या घराण्यात त्यांची मिजास होती. पण साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या कित्येक घरांतून माणसंही बसऱ्याला गेली होती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरलेल्या डिव्हिजनचं नावच मुळी सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंड ती घेऊन तैग्रिस नदीच्या कडेने बगदादच्या दिशेने सुटला, टेसिफोनला मार खाऊन मागे फिरला आणि डिसेंबर 1915 मध्ये कूट-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात अडकला. तुर्कांनी वेढा घातला. तो एकशे सत्तेचाळीस दिवस चालला.

वेढ्याची गोष्ट पराक्रमाची म्हणून सांगितली जाते. मला मात्र त्यात एक भलंमोठं, न ठरवता झालेलं प्रयोगाचं टेबल दिसतं. कोणाला काय खायला मिळत होतं ते पाहा. गोऱ्या शिपायाला पांढऱ्या पिठाचा पाव आणि डब्यातलं मांस. हिंदी शिपायाला आटा, डाळ, तूप. एकाच गावात, एकाच पाण्यावर, एकाच तोफखान्याखाली. आणि आजार मात्र वाटून घेतलेले: गोऱ्यांना बेरीबेरी, हिंदी शिपायांना स्कर्व्ही.

त्या काळात भारतात वाढलेला कुठलाही साहेब म्हणाला असता की बेरीबेरी हा भातखाऊ पूर्वेकडच्या लोकांचा रोग. इथे तो झाला डॉर्सेट आणि नॉरफोकच्या पोरांना, कारण त्यांच्या पावाचं पीठ जास्त 'चांगलं' होतं. कोंडा चाळून टाकलेलं. आट्यात कोंडा होता, म्हणून आटा खाणाऱ्याच्या पायात बळ राहिलं. पुढे पांढरं पीठ संपलं, गोऱ्यांनाही जवाचं जाडंभरडं पीठ आणि आटा खाणं भाग पडलं, आणि त्यांच्यातली बेरीबेरी हटली. उपासमार वाढली आणि एक रोग गेला! कूटमधला सर्वांत वरचा वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहीर याने हे बारकाईने टिपून ठेवलं आहे.

दुसरी बाजू स्कर्व्हीची. ताजी भाजी नाही, फळ नाही, लिंबू नाही. स्कर्व्हीत हिरड्या सुजतात, रक्त येतं, पायावर काळेनिळे डाग पडतात. पण लष्करी डॉक्टरच्या दृष्टीने सगळ्यात भयंकर गोष्ट वेगळीच. जखम भरत नाही. शरीरातले धागे विणायला लागणारं क जीवनसत्त्वच नसतं, त्यामुळे शल्यविशारदाने कितीही नीट टाके घातले तरी मांस मांसाला धरत नाही. जुन्या भरलेल्या जखमासुद्धा उसवतात. आईच्या नारिंगी गोळीचा अर्थ मला इथे लागला.

गोरे मात्र स्कर्व्हीतून बरेचसे वाचले, कारण जानेवारीच्या अखेरीपासून ते घोडे मारून खात होते. ताज्या मांसात थोडं का होईना, क जीवनसत्त्व असतं. हिंदी शिपायांनी घोडा खायला नकार दिला. कुणी धर्मासाठी, कुणी 'गावाकडे कळलं तर पोरीबाळींची लग्नं कशी होणार' या धास्तीने. टाउनशेंडने बिनतारी संदेशाने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवून घेतली, तरी माणसं हटून होती. एप्रिलमध्ये, अगदी टोकाला आल्यावर, बरेच जण खायला लागले. तोवर उशीर झाला होता. साहेबांच्या लिखाणात यावर बरीच चिडचिड दिसते, हट्टी आणि अडाणी वगैरे. मला ती पटत नाही. ज्या फौजेने वर्षानुवर्षं पलटणींची जात लिहून ठेवली, जातीप्रमाणे चुली वेगळ्या मांडून दिल्या, त्याच फौजेने अचानक म्हणायचं की आता सगळं विसरून घोडा खा? इकडे इंग्लंडमधल्या ब्राइटनला, जिथे फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी शिपाई ठेवले होते, तिथल्या राजवाड्याच्या इस्पितळात नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं होती आणि हिंदू-मुसलमानांच्या पाण्याचे नळ वेगळे. त्याचे फोटो काढून जगभर मिरवले. कुणी रांधलं, कुणी वाढलं याची एवढी काळजी. ताटात नक्की काय पडलं, याची चौकशी त्या मानाने कमीच झाली.

आणि खुद्द इस्पितळांत? तिथे ठरलेली कोष्टकं होती. पूर्ण आहार, अर्धा आहार, हलका आहार, दुधाचा आहार. आईच्या ताटाखालची चिठ्ठी ही त्याच घराण्यातली नात म्हणायची. शिवाय 'मेडिकल कम्फर्ट्स' नावाची एक पेटी असे. ब्रँडी, पोर्ट वाइन, आरारूट, साबुदाणा, आटवलेलं दूध, मांसाचा अर्क. अशक्त माणसाला हे देणं म्हणजे उपचारच. त्यात गुळगुळीत, पांढरं, घोटलेलं आणि महाग हेच चांगलं. मांसाच्या अर्काची तर केवढी ख्याती! गोमांस उकळून काढलेला तो रस्सा, त्याने मेलेला माणूस उठून बसतो असं समजत. प्रत्यक्षात त्यात खारट चव आणि तरतरी यापलीकडे फारसं काही नसे. आणि आरारूट म्हणजे नुसती खळ. आपल्याकडेही आजाऱ्याला आरारूटची लापशी द्यायचे, मला लहानपणी गोवरात दिलेली आठवते. ती चिकट चव अजून टाळूला चिकटलेली आहे.

ही पेटीसुद्धा सगळ्यांना सारखी नव्हती. गोऱ्या फौजेसाठी नीटस स्टेशन हॉस्पिटलं होती. हिंदी शिपायाचं इस्पितळ म्हणजे पलटणीची खोली. हिंदी फौजेला स्टेशन हॉस्पिटलं मिळाली ती 1918 मध्ये, मेसोपोटेमियातल्या वैद्यकीय दुर्दशेची चौकशी होऊन जगभर नाचक्की झाल्यावर.

स्कर्व्हीवर उपाय म्हणून मेसोपोटेमियात बाटलीबंद लिंबूरस पाठवला जात होताच. तो फसला. याचं कारण कळायला दोन बायका लागल्या.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूट या वैद्यकीय संशोधनसंस्थेतले बरेच पुरुष युद्धावर गेले होते. मागे राहिलेल्या हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी गिनी पिग पाळून एकेक खाद्यपदार्थ तपासायला घेतला. गिनी पिगच का, तर माणसासारखाच तोही क जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाही, त्यालाही स्कर्व्ही होतो. त्यांना दिसलं की भूमध्य समुद्राकडच्या मोठ्या, पिवळ्या लिंबाच्या रसात जी ताकद आहे तिचा अगदी थोडा अंश वेस्ट इंडिजच्या हिरव्या लिंबाच्या टिकवलेल्या रसात उरतो. अठराव्या शतकात नौदलाची स्कर्व्ही पळवली होती ती पिवळ्या लिंबाने. पुढे साम्राज्यातच पिकणारं म्हणून हिरवं लिंबू आणलं, नाव तेच राहिलं, गुण गेला. आंबट लागतं म्हणजे औषध आहे, एवढ्या भरवशावर ते पिंपच्या पिंप भरून धाडत राहिले.

मग ताजी भाजी न पोचणाऱ्या वाळवंटात करायचं काय? 1917 मध्ये त्यांनी सैन्यांच्या आहारावर जो निबंध छापला त्यातलं उत्तर वाचून मी बाकावर उठून बसलो. कडधान्य भिजवा. एक दिवस पाण्यात ठेवा, मग ओलसर राखून दोन दिवस मोड येऊ द्या. कोरड्या दाण्यात नसलेलं स्कर्व्हीनाशक सत्त्व त्या मोडांत तयार होतं. नंतर फार शिजवू नका, उष्णतेने ते जातं. नॉर्वेत फ्यूर्स्ट नावाच्या माणसाने 1912 मध्ये हे दाखवलं होतं, या दोघींनी ते शिपायाच्या ताटापर्यंत आणलं. कडधान्याचं पोतं उन्हात महिनोन्‌महिने टिकतं, उंटावरून जातं, आणि पाणी दाखवलं की तिसऱ्या दिवशी ताजी भाजी होतं.

आईला सकाळी हे सांगितलं. ती म्हणाली, "एवढं शिकायला विलायतेला कशाला जायला हवं होतं? आम्हाला विचारायचं."

तिच्या म्हणण्यात गंमत आहे, पण ते अर्धंच खरं आहे, आणि हल्ली अशा अर्ध्या खऱ्यावर फार मोठे इमले उठतात. 'आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' हे वाक्य मी इथे लिहिणार नाही. आपल्या घरांत मटकीला मोड आणायचे ते उसळ छान लागते म्हणून, दाणा मऊ होतो म्हणून, आणि आई करायची म्हणून. स्कर्व्हीवर उपाय म्हणून कुणी केल्याचं मला माहीत नाही. आणि घरी उसळ खाणारा मराठा शिपाई तिथे स्वतःहून मोड आणायला का बसला नाही, याचंही एक साधं उत्तर आहे. त्याला मिळत होती डाळ. दळून, साल काढून, दोन फाकांची केलेली. डाळीला मोड येत नाहीत. अंकुर असतो तो दाणा फुटतानाच जातो. चिक आणि ह्यूम यांनीही म्हणूनच बजावलं होतं की दाणा अख्खा, सालासकट हवा. म्हणजे गोऱ्याचं पीठ चाळून पांढरं केलेलं आणि हिंदी शिपायाची डाळ सोलून पिवळी केलेली. वाहायला सोपी, शिजायला लवकर, दिसायला स्वच्छ. कोठीच्या दृष्टीने दोन्ही उत्तमच.

पुढे जवाचं पीठ, ओट, अख्खी कडधान्यं शिध्यात आली. गोऱ्यांना मार्माइट दिलं गेलं, म्हणजे बिअर गाळून झाल्यावर तळाशी उरलेल्या यीस्टचा काळपट अर्क. कोंड्याचाच भाऊ म्हणायचा, फेकून द्यायच्या लायकीचा. सैन्याने तैग्रिसकाठी भाजीचे मळेही लावले. 1919 मध्ये चिकबाईंनी आणखी एक निबंध छापला, 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात: चिंच, आमचूर आणि कोकम यांचा स्कर्व्हीवर कितपत उपयोग होतो. कोकम! लंडनमधल्या गिनी पिगांना आपलं आमसूल खाऊ घातलं होतं. थोडा गुण आहे, पण ताज्या लिंबाची सर नाही, असा निकाल. वाळवताना बरंचसं जातंच. आईला हे पटलेलं नाही. तिचं माहेर दापोलीजवळ, आमसुलाबद्दल ती वाईट ऐकून घेत नाही. "पित्तावर चालतं ना? मग झालं."

आठव्या दिवशी आईला घरी आणलं. टाके स्वच्छ भरले होते. वॉकर घेऊन ती पहिल्यांदा गेली ती स्वयंपाकघरात. मी आदल्या दिवशी मटकी भिजवून, पंच्यात बांधून ठेवली होती. पुण्याच्या थंडीत मोड लवकर येत नाहीत, म्हणून गाठोडं डब्यात घालून वर तिचाच जुना स्वेटर गुंडाळला होता. तिने खुर्चीत बसून गाठोडं सोडलं. बोटभर नाही, पण नखाएवढे पांढरे मोड आले होते.

"हे बघ, पांढरं," मी म्हणालो. ती हसली नाही. ताटलीत मटकी पसरून गणंग वेचायला लागली. मोड न आलेला, टणक राहिलेला दाणा बरोबर तिच्या बोटांना लागतो, चष्मा लागत नाही.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या कूटवाल्यांना मिळाली का रे मग उसळ?"

मी तारखा मनात जुळवल्या. कूट पडलं 29 एप्रिल 1916 ला. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली, त्यांतल्या हजारोंना वाळवंटातून चालवत नेलं, कित्येक हजार परत आलेच नाहीत. लंडनचा निबंध 1917 चा.

"नाही," मी म्हणालो.

आई काही बोलली नाही. वेचलेले गणंग तिने मुठीत गोळा केले, खिडकीतल्या कुंडीत टाकले आणि म्हणाली, "कांदा बारीक चिर. आणि झाकण ठेवून उगीच शिजवत बसू नकोस."